मोस्कोफिलेरो

ग्रीसच्या दक्षिणेकडील पेलोपनीस द्वीपकल्पात, विशेषतः आर्केडिया प्रदेशातील मांटिनियाच्या पठारावर पिकणारे सुगंधी द्राक्षवाण आणि त्यापासून तयार होणारी हलकी, कोरडी पांढरी वाइन. ‘फिलेरी’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या द्राक्षसमूहातील हे सर्वांत सुवासिक वाण असून ‘मोस्को’ हे उपपद त्या सुवासाचेच द्योतक आहे. कस्तुरी या अर्थाचा ग्रीक शब्द ‘मोस्कोस’ फारसीतील ‘मुश्क’वरून आला आणि त्याचे मूळ संस्कृत ‘मुष्क’ या शब्दात आहे, असे व्युत्पत्तिकार मानतात. उलट आपला ‘कस्तुरी’ हा शब्द ग्रीकांकडून आला असावा, असेही एक मत आहे. तसे असेल तर दोन्ही भाषांनी या सुगंधाचे नाव परस्परांकडून घेतले म्हणायचे. नावातील साम्यामुळे ‘मस्कत’ द्राक्षांशी त्याचे नाते जोडले जाते, परंतु ती वेगळी वाणे आहेत.

मांटिनियाचे पठार त्रिपोली शहराजवळ, समुद्रसपाटीपासून सुमारे ६५० मीटर उंचीवर असून त्याच्या पश्चिमेला मेनालो पर्वत आहे. इ.स.पू. ४१८ आणि इ.स.पू. ३६२ मध्ये येथे झालेल्या लढाया ग्रीक इतिहासात प्रसिद्ध आहेत. दुसरीत थीब्झचा सेनानी एपामिनाँडस मारला गेला. प्राचीन मांटिनिया नगराचे अवशेष आजच्या द्राक्षबागांच्या सोबतीनेच उभे आहेत. ग्रीस म्हटले की डोळ्यांसमोर येणारे तापलेले खडक आणि निळा समुद्र येथे नाहीत. हिवाळा कडक असतो, बर्फही पडते आणि उन्हाळ्यातही रात्री गारवा टिकतो. त्यामुळे द्राक्षे अत्यंत सावकाश पिकतात. सखल भागातील बागांची काढणी ऑगस्टमध्येच आटोपत असताना येथे ती सप्टेंबरअखेर सुरू होऊन ऑक्टोबरपर्यंत लांबते. या दिरंगाईत शेतकऱ्याचा जीव टांगणीला लागतो, कारण शरदातील पाऊस पिकलेल्या घडांवर आला तर ते कुजण्याची भीती असते. परंतु मण्यांतील आम्लता टिकून राहते आणि सुगंधाला भरण्यास अवधी मिळतो, तो याच दिरंगाईमुळे.

या वाणाचे एक वैशिष्ट्य घड हातात घेताच दिसते. वाइन पांढरी असली तरी द्राक्षे हिरवी नसून करड्या-गुलाबी, कधी जांभळट छटेची असतात. सुगंधी द्रव्यांचा मोठा वाटा सालीत असल्याने वाइन बनवणाऱ्यापुढे पेच उभा राहतो : रस सालींसह ठेवला तर सुगंध अधिक उतरतो, पण त्याबरोबर रंग आणि कडवटपणाही येतो. म्हणून रस थंड ठेवून सालींचा संपर्क मोजक्या तासांपुरता मर्यादित करतात आणि नंतर कमी तापमानावर तो आंबवतात. काही उत्पादक हा संपर्क मुद्दाम वाढवून फिकट गुलाबी वाइन काढतात; याशिवाय फसफसणारी वाइनही या द्राक्षापासून होते. ओक लाकडाच्या पिंपात मुरवण्याचा प्रयोग मात्र या वाणाला फारसा मानवत नाही, कारण लाकडाच्या वासाखाली त्याचा नाजूक सुवास सहज दबतो.

सुगंधी द्राक्षांतील वासामागे लिनालूल, जिरॅनिऑल यांसारखी टर्पीन वर्गातील द्रव्ये असतात. जिरॅनिऑल गुलाबात असते, तसेच पूर्वी खानदेशच्या रानांतून मोठ्या प्रमाणावर गोळा होणाऱ्या रोशा गवताच्या तेलातही ते मुख्य घटक असते. रोशा तेलाची शिशी हुंगलेल्या वाचकाला मोस्कोफिलेरोच्या पेल्यातून येणारा गुलाबपाकळ्यांचा वास अगदीच परका वाटू नये. त्यासोबत लिंबाचा मोहर, संत्र्याची साल आणि किंचित पुदिना जाणवतो. खरी गंमत पहिल्या घोटाला येते. नाकाला आलेल्या वासावरून जीभ गुलकंदासारख्या गोडीची अपेक्षा करते आणि प्रत्यक्षात मिळते ती लिंबासारखी तरतरीत आम्लता. साखर जवळजवळ नसतेच. मद्यार्काचे प्रमाण बहुधा ११ ते १२ टक्क्यांच्या आसपास राहते, त्यामुळे वाइन अंगाला हलकी लागते. वास आणि चव यांतील ही फारकत ज्याला आवडली, त्याला ही वाइन आवडली असे समजावे.

‘मांटिनिया’ या नावाला १९७१ मध्ये संरक्षित उगमनामाचा, म्हणजे केवळ त्याच प्रदेशातील वाइनला लावता येणाऱ्या नावाचा, दर्जा मिळाला. हे नाव लावण्यासाठी वाइनमध्ये किमान ८५ टक्के मोस्कोफिलेरो असावे लागते. उर्वरित भाग ‘आस्प्रूदेस’ या स्थानिक पांढऱ्या द्राक्षांचा असू शकतो. राळेचा वास असलेली ‘रेत्सिना’ म्हणजेच ग्रीक वाइन, हा परदेशात दीर्घकाळ रुजलेला समज मोडण्यास सँटोरिनी बेटावरील आसिर्तिको या द्राक्षवाणाप्रमाणे मोस्कोफिलेरोनेही हातभार लावला. बुतारीसारख्या मोठ्या उत्पादकांनी ती परदेशी बाजारांत पोहोचवली, तर १९८९ मध्ये स्थापन झालेल्या त्सेलेपोस वाइनरीसारख्या आर्केडियातील उत्पादकांनी तिचा दर्जा उंचावला. प्रथमच चव घेणाऱ्याने बाटलीवर द्राक्षाच्या नावाबरोबर ‘मांटिनिया’ हे नावही शोधावे; सखल, उष्ण भागातील फळात हा ताजेपणा क्वचितच उतरतो.

ही वाइन सामान्यतः ताजी, म्हणजे हंगामानंतरच्या एक-दोन वर्षांत पितात. साधारण ८ ते १० अंश सेल्सिअस तापमान तिला योग्य ठरते. बाटली थेट बर्फातून काढून ओतली तर सुरुवातीला केवळ आंबटपणा जाणवतो. पेला दहा मिनिटे तसाच ठेवल्यास आधी लिंबू आणि मग हळूहळू गुलाब वर येतो. मात्र ती फार कोमट होऊ दिल्यास चव पाणचट वाटू लागते. ग्रीसमध्ये तळलेली लहान मासळी, कालामारी, पालक आणि फेता चीज भरलेली ‘स्पानाकोपिता’ किंवा द्राक्षाच्या पानांत भात गुंडाळून केलेले ‘दोल्मादेस’ यांच्याबरोबर ती घेतात. जेवणापूर्वी, नुसत्या ऑलिव्हच्या वाटीसोबतही ती पुरेशी रंगते.