नव्या नाटकाचे अभिप्राय आणि त्यांतली गंमत : पार्श्वभूमी

नाशिकमध्ये नव्या नाटकाची संहिता पहिल्यांदा वाचली जाते ती बहुधा कोणाच्या तरी घरी, दिवाणखान्यात सतरंजी अंथरून. आणि वाचन संपून चहा आला की जे अभिप्राय सुरू होतात, त्यांत हसू येण्यासारखे पुष्कळ असते. ऐकणाऱ्यांना नाटकातले काही कळत नाही म्हणून हे घडते, असे म्हणण्याची पद्धत आहे. मला ती अन्यायाची वाटते. प्रत्येक जण आपल्याला जे पक्के ठाऊक आहे त्याविषयी तळमळीने बोलत असतो, आणि लेखकाला ज्याचे उत्तर हवे असते तो प्रश्न कोणाच्याच वाट्याला येत नाही. गंमत उपजते ती इथे, आणि तिचा इतिहास फार मागे जातो.

भरताच्या नाट्यशास्त्रातील सत्ताविसावा अध्याय प्रयोगाच्या सिद्धीविषयी, म्हणजे नाटक लोकांपर्यंत पोहोचले की नाही हे कसे ओळखावे, याविषयी आहे. स्मित, अर्धहास्य, अतिहास्य, ‘साधु’, ‘अहो’ अशा उद्गारांपासून अंगावरील वस्त्र काढून देण्यापर्यंत प्रेक्षकांच्या पसंतीच्या खुणा तिथे नोंदवल्या आहेत. प्रयोगात येणाऱ्या विघ्नांची यादीही आहे, आणि प्रतिस्पर्ध्याने रंगमंचावर शेण, ढेकळे आणि मुंग्या टाकणे हे त्यांतलेच एक विघ्न आहे. मुंग्यांचा उल्लेख मला विशेष मोलाचा वाटतो, कारण असा तपशील पाहिल्याशिवाय कोणी लिहीत नाही. याच अध्यायात दहा प्राश्निक, म्हणजे परीक्षक, सांगितले आहेत. यज्ञातले जाणणाऱ्याने यज्ञाच्या प्रसंगाबद्दल बोलावे, नर्तकाने अभिनयाबद्दल, छंद जाणणाऱ्याने वृत्तांबद्दल, वैयाकरणाने पाठ्याबद्दल, धनुर्धराने अंगसौष्ठवाबद्दल, चित्रकाराने नेपथ्याबद्दल, म्हणजे वेशभूषा-रंगभूषेबद्दल, अशी ही वाटणी आहे. संपूर्ण नाटकाबद्दल बोलणारा अकरावा माणूस मात्र या यादीत नाही.

मराठी रंगभूमीवर १८८० साली ‘संगीत शाकुंतल’ आले आणि त्यानंतरच्या संगीत नाटकांच्या काळात प्रेक्षकांच्या अभिप्रायाला ‘वन्समोअर’ हा एकच शब्द पुरेसा झाला. पद रंगले की वन्समोअर, पुन्हा रंगले की पुन्हा. कथानक तिथेच थांबून राही आणि प्रयोग पहाटेपर्यंत लांबत. नटाला याहून स्पष्ट पावती मिळणे अशक्य होते. नाटककाराला मात्र त्यातून चाल आवडली, गळा आवडला की प्रसंग आवडला, हे समजण्याची सोय नव्हती.

नाशिकला या गोष्टीचा आणखी एक पदर आहे. वि. वा. शिरवाडकर आणि वसंत कानेटकर हे दोघेही याच गावात राहून लिहीत होते. ‘रायगडाला जेव्हा जाग येते’ १९६२ चे आणि ‘नटसम्राट’ १९७० चे, त्यामुळे इथे नवे नाटक वाचणाऱ्याला पहिला अभिप्राय पुष्कळदा त्या दोघांच्या आठवणींचाच मिळतो, आणि त्या सांगणाऱ्याचा गळा भरून आलेला असतो. पुढे नाटक हौशी राज्य नाट्यस्पर्धेच्या प्राथमिक फेरीत उतरले की अभिप्राय मुका होतो. परीक्षकांच्या टेबलावरच्या छोट्या दिव्याकडे विंगेतून सगळे डोळे लागलेले असतात. पेन हलले तरी धसका आणि थांबले तरी धसका.

गेल्या वर्षी गंगापूर रोडवरील एका घरी अशाच एका वाचनाला मी होतो. निफाडकडील कुटुंबाचे कौटुंबिक नाटक होते. दुसऱ्या अंकाच्या शेवटी, ऐन दिवाळीत, थोरला भाऊ द्राक्षांनी भरलेला क्रेट अंगणात आणून आदळतो आणि घर फुटते. वाचन संपल्यावर बराच वेळ कोणी बोलले नाही. मग कोपऱ्यात बसलेले एक बागायतदार काका संकोचाने म्हणाले, “दादा, लिहिलंय झकास. पण दिवाळीला आमच्याकडं छाटणी झालेली असते. बाग पोंग्यात असती, नुसते कोंब फुटत असतात. घड कुठनं आणला त्यानं?” त्यानंतर अर्धा तास ऑक्टोबर छाटणी, अवकाळी आणि औषधांच्या फवारण्या यांवर चर्चा झाली. लेखक वहीत सगळे उतरवून घेत होता, आणि घर फुटण्याचा प्रसंग मनाला भिडला का, हे विचारायला त्याला फटच मिळेना.

लेखकाने प्रवेश शिमग्याच्या सुमारास, द्राक्षे काढणीला असतात त्या दिवसांत, नेला. आकाशकंदील गेला, फराळ गेला, धाकट्या सुनेचे माहेरी जाणेही गेले. पुढच्या वाचनाला जिल्ह्यातल्या बँकेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ आले होते, त्यांनी चष्मा काढून विचारले, “मार्चअखेर आलीय, मग सोसायटीच्या पीककर्जाच्या वसुलीला कोणी कसं येत नाही यांच्या दारात?” आता त्या नाटकात वसुलीवाल्याचे काम आहे. क्रेट आदळतो नेमक्या त्याच क्षणी तो सायकल भिंतीला टेकवून अंगणात येतो, आणि घर फुटत असताना पाणी मागतो.