तीनदा तेच उत्तर आलं, तरी चूक

१९८८ मध्ये सीगफ्रीड रुम्प या जर्मन गणितज्ञाने एक सूत्र दाखवलं. नुसते गुणाकार, बेरजा-वजाबाक्या आणि शेवटी एक भागाकार, त्यात टाकायचे आकडे दोनच, ७७६१७ आणि ३३०९६. तेव्हाच्या आयबीएमच्या मेनफ्रेमवर, म्हणजे मोठ्या कॉम्प्युटरवर, उत्तर आलं १.१७२६०३... मग दुप्पट अंक घेऊन केलं, तेच आलं, अजून वाढवले तरी तेच! आता कोण शंका घेणार? पण खरं उत्तर आहे उणे ०.८२७३९६..., म्हणजे चिन्हसुद्धा चुकलं.

होतं काय, की कॉम्प्युटरचा नेहमीचा 'डबल' आकडा साधारण १६ अंकच धरून ठेवतो. एकावर वीस शून्यं, त्यात १७ मिळवा आणि मग तीच मोठी संख्या वजा करा, उत्तर शून्य. १७ गेले कुठे? राउंड ऑफमध्ये वाहून गेले, आणि मशीन हूं की चूं करत नाही.

यावर एक उपाय म्हणजे इंटरवल अॅरिथमेटिक (सिनेमातला समोसेवाला इंटरवल नव्हे). अमेरिकेच्या रॅमन मूर यांनी १९६० च्या दशकात हे नीट उभं केलं. एका आकड्याऐवजी दोन ठेवायचे, खालचा नेहमी खाली राउंड करायचा, वरचा वर, म्हणजे खरं उत्तर मधेच कुठेतरी असणार याची गॅरंटी. रुम्पचं सूत्र असं केलं की रेंज इतकी अवाढव्य येते की गडबड लगेच कळते. पण ही पद्धत भित्री आहे हो, क्ष १ ते २ मध्ये असेल तर क्ष वजा क्ष ती सांगते उणे १ ते १, कारण दोन्ही क्ष एकच आहेत हे तिला माहीतच नसतं.

म्हणून रेंज आवळायला दुसरं हत्यार लागतं. दोन याद्यांमधले आकडे जोडीजोडीने गुणून सगळ्यांची बेरीज म्हणजे डॉट प्रॉडक्ट, आणि समीकरणं सोडवताना जिकडेतिकडे हेच असतं. जर्मनीतल्या कार्ल्सरुहचे गणितज्ञ उलरिश कुलिश यांचं म्हणणं, प्रत्येक पायरीला राउंड करताच कशाला? वाण्याच्या उधारीच्या वहीत कसं रोजचे पैसेन्‌पैसे लिहितात आणि राउंड ऑफ महिनाअखेरीस एकदाच, तसं करा. त्यासाठी ४२८८ बिटांचं (बिट म्हणजे एक ० किंवा १) एक लांबलचक रजिस्टर, म्हणजे कॉम्प्युटरमधली आकडे ठेवायची जागा, पुरतं, म्हणजे ६४ बिटांचे फक्त ६७ कप्पे, त्यात सगळ्यात मोठा आणि सगळ्यात बारीक गुणाकार दोन्ही आपापल्या जागी बसतात आणि आपले ते १७ सुद्धा वाचतात. हे थेट चिपमध्येच टाका असं कुलिश वर्षानुवर्षं सांगत राहिले, पण आपल्या लॅपटॉपच्या प्रोसेसरमध्ये ते अजून नाही, सॉफ्टवेअरनेच करावं लागतं.