पंपिंग तेवढंच, तरी जिना चढता येतो

हार्ट फेल्युअरचा, म्हणजे हृदयाची ताकद कमी पडू लागलेला पेशंट इकोचा (हृदयाच्या सोनोग्राफीचा) रिपोर्ट हातात पडला की आधी एकच आकडा शोधतो: पंपिंग किती, म्हणजे दर ठोक्याला हृदय आतलं किती टक्के रक्त बाहेर ढकलतं? चार-सहा महिने नेमानं चालूनही तो 30 चा 32 च झाला, तर घरचे म्हणतात, काय उपयोग झाला? आणि तोच माणूस आता नागपूरच्या धरमपेठेतल्या आपल्या तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटपर्यंत मध्ये न टेकता पोचतो. व्यायामाची कमाई इकोत फारशी दिसत नाही, कारण ती बरीचशी हृदयाबाहेर, रक्तवाहिन्यांत आणि पायांच्या स्नायूंत झालेली असते.

रक्तवाहिनीला आतून पेशींचं एकपदरी अस्तर असतं, त्याला एंडोथेलियम म्हणतात. रक्त जोरात घासून वाहू लागलं की हे अस्तर नायट्रिक ऑक्साइड नावाचा वायू सोडतं. तो जेमतेम काही सेकंद टिकतो, पण तेवढ्यात भोवतीचा स्नायू सैलावतो आणि वाहिनी रुंदावते. या शोधासाठी फर्चगॉट, इग्नारो आणि मुराद यांना 1998 चं नोबेल मिळालं. छातीत दुखल्यावर जिभेखाली ठेवायची सॉर्बिट्रेट हेच काम बाहेरून करते. हार्ट फेल्युअरमध्ये अस्तराकडून हा वायू कमी तयार होतो आणि झालेलाही लवकर नासतो. वाहिन्या आखडलेल्याच राहतात. आधीच थकलेल्या हृदयाला मग त्या आवळलेल्या जाळ्यात रक्त ढकलावं लागतं.

हे मोजता येतं. हाताला बीपीसारखा पट्टा बांधून पाच मिनिटं घट्ट आवळून ठेवतात. हात फिका पडतो, मुंग्या येतात, नकोसं होतं. मग पट्टा एकदम सोडतात. अडलेलं रक्त धावत येतं आणि साधारण मिनिटभरात दंडातली धमनी किती फुगली ते सोनोग्राफीत बघतात. निरोगी माणसात ती साधारण 5 ते 10 टक्के रुंदावते, हार्ट फेल्युअरमध्ये बरीच कमी.

जर्मनीतल्या डॉक्टरांनी 1996 मध्ये अशा पेशंटांकडून चार आठवडे रोज मूठ आवळण्याचा व्यायाम करून घेतला. हाताची धमनी पुन्हा नीट रुंदावू लागली. व्यायाम थांबवला, आणि सहा आठवड्यांनी कमावलेलं सगळं गेलं. पुढे लाइपझिगच्या गटाला दिसलं की सायकल पायांनी मारली तरी मनगटातली धमनीही सुधारते. मला तरी यातला हाच भाग सगळ्यात मजेशीर वाटतो. म्हणजे चालणं फक्त पायांसाठी नसतं.

याचा अर्थ व्यायाम म्हणजे जादू, असं मात्र नाही. 2009 मध्ये निकाल आलेल्या एचएफ-ॲक्शन या 2331 पेशंटांच्या अभ्यासात मृत्यू आणि हॉस्पिटलच्या वाऱ्या थोड्याच कमी झाल्या. पण व्यायाम सुरक्षित ठरला आणि रोजचं जगणं जरा सोपं झालं. गोळ्या चालूच ठेवायच्या, हे वेगळं सांगायला नको.

सहा आठवड्यांच्या त्या हिशोबानं नागपूरकरांची पंचाईत होते ती एप्रिल-मे मध्ये. फुटाळा किंवा अंबाझरी तलावावर चालायला जाणारी मंडळी ऊन तापलं की घरी बसतात, ती थेट पावसाळा लागेपर्यंत. हट्टानं उन्हात जाणंही बरोबर नाही. लघवीची गोळी, डॉक्टरांनी मोजून दिलेलं पाणी आणि वर 44-45 अंशांचा पारा, यात बीपी खाली येऊन भोवळ येऊ शकते. उजाडायच्या आत निघावं, नाहीतर कूलर लावून हॉलमध्येच फेऱ्या माराव्यात.

जोर किती लावायचा हे नाडीवरून ठरवू नका, हार्ट फेल्युअरमध्ये देतात त्या बीटा ब्लॉकरच्या गोळ्या तिला फारशी वाढू देत नाहीत. चालताना शेजाऱ्याशी पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. सुरुवात मात्र डॉक्टरांना विचारूनच. आणि दोन-तीन दिवसांत वजन दोन किलोंनी वाढलं, घोट्याजवळ बोट दाबल्यावर खड्डा पडू लागला किंवा रात्री आडवं होताच धाप लागते म्हणून उशा वाढवाव्या लागल्या, तर चालणं बंद ठेवून आधी डॉक्टरांना फोन.