यकृताच्या कर्करोगात ट्रायल शोधताना आधी यकृताकडे पाहा

क्लिनिकल ट्रायल म्हणजे सगळे उपाय थकल्यावरचा शेवटचा प्रयत्न, असं बहुतेकांना वाटतं. यकृताच्या कर्करोगात ही समजूत महागात पडते. उपाय थकेपर्यंत थांबलेल्या रुग्णाला बऱ्याच ट्रायल्स घेतच नाहीत, आणि अनेकदा आडवं येतं ते गाठीपेक्षा यकृतच.

प्रौढांमध्ये सर्वाधिक आढळणारा यकृताचा मूळ कर्करोग म्हणजे हेपॅटोसेल्युलर कार्सिनोमा, अर्थात एचसीसी. तो सहसा धडधाकट यकृतात होत नाही. हेपॅटायटिस बी किंवा सी, दारू, साचलेली चरबी यांमुळे वर्षानुवर्षं पोखरलेल्या, बहुतेक वेळा सिऱ्होसिस झालेल्या, म्हणजे व्रण पडून कडक झालेल्या यकृतात तो होतो. म्हणजे रुग्णाला एकाच वेळी दोन आजार. त्यातल्या दुसऱ्यानेच माणूस गेला, तर औषध गाठीवर चाललं की नाही हे कळणार कसं? म्हणून मोठ्या ट्रायल्स बहुधा ‘चाइल्ड-प्यू ए’ गटातलेच, म्हणजे यकृत अजून बऱ्यापैकी काम करणारे रुग्ण घेतात.

हा गट पाच गोष्टींवरून ठरतो: बिलिरुबिन (काविळीत वाढणारं रंगद्रव्य), अल्ब्युमिन (यकृतात तयार होणारं प्रथिन), आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याचा आकडा), पोटात झालेलं पाणी आणि यकृताच्या बिघाडाने येणारं भ्रमिष्टपण. प्रत्येकाला 1 ते 3 गुण. बेरीज 5 किंवा 6 आली तर ए, 7 ते 9 आली तर बी. समजा, एखाद्याचं बिलिरुबिन 1.6, अल्ब्युमिन 3.2, आयएनआर 1.2, पोटात पाणी नाही, बोलणं-वागणं नीट. अल्ब्युमिनचे 2 गुण, बाकीच्यांचा एकेक, एकूण 6. पुढे सोनोग्राफीत पोटात थोडंसं पाणी दिसलं की बेरीज 7. गाठ तेवढीच, माणूस हिंडता-फिरता, पण गट बदलला आणि ट्रायल हुकली.

म्हणून ट्रायलचा प्रश्न निदान झाल्या-झाल्या, पहिलं औषध सुरू होण्याआधी विचारावा. पहिल्या फळीच्या उपचारांच्या ट्रायल्सना आधी कर्करोगाचं औषध घेतलेला रुग्ण सहसा चालत नाही. यकृत प्रत्यारोपण झालेल्यांना इम्युनोथेरपीच्या बहुतेक ट्रायल्स घेत नाहीत, कारण चेतवलेली प्रतिकारशक्ती नव्या यकृतावरच उलटू शकते.

“मला साखरेची गोळी देतील का?” हा प्रश्न तर ठरलेलाच. कधीकाळी देत असत, आणि त्याला कारण होतं. 2008 साली प्रसिद्ध झालेल्या ‘शार्प’ ट्रायलमध्ये 602 रुग्ण होते. सोराफेनिब हे औषध घेणाऱ्यांचं मध्यक आयुर्मान (निम्मे रुग्ण ज्याहून जास्त जगले तो काळ) 10.7 महिने भरलं, प्लासिबो म्हणजे औषध नसलेली गोळी घेणाऱ्यांचं 7.9. त्या वेळी तुलनेला सिद्ध झालेलं औषधच नव्हतं. ते मिळाल्यावर पुढची तुलना सोराफेनिबशी होऊ लागली. 2020 साली प्रसिद्ध झालेल्या ‘आयएमब्रेव्ह 150’मध्ये 501 रुग्णांपैकी 336 जणांच्या वाट्याला अटेझोलिझुमॅब आणि बेव्हॅसिझुमॅब या औषधांची जोडी आली, 165 जणांच्या वाट्याला सोराफेनिब. वर्षभराने जगण्याचं प्रमाण 67.2 टक्के विरुद्ध 54.6 टक्के. मात्र नवं ते सरस असतंच असं नाही. निव्होलुमॅब या औषधाला या कर्करोगासाठी अमेरिकेत 2017 साली घाईची, म्हणजे पुरावा पूर्ण होण्याआधीची मंजुरी मिळाली. पुढे सोराफेनिबशी थेट सामना झाला तेव्हा निर्णायक फरक दिसला नाही, आणि एकट्याने वापरण्याची ती मंजुरी 2021 साली मागे घेतली गेली.

शोधायचं कुठे? अमेरिकेची ‘क्लिनिकलट्रायल्स डॉट गव्ह’ ही नोंदवही 2000 सालापासून सर्वांना खुली आहे. जागतिक आरोग्य संघटनेचं पोर्टल वेगवेगळ्या देशांच्या नोंदी एकत्र दाखवतं. नुसतं ‘लिव्हर कॅन्सर’ टाकलं तर आतड्यातून यकृतात पसरलेल्या कर्करोगाच्या आणि पित्तनलिकेच्या कर्करोगाच्या ट्रायल्सही समोर येतात, तेव्हा बायोप्सी किंवा स्कॅनच्या रिपोर्टवरचं नेमकं नाव टाकावं. ‘रिक्रूटिंग’ म्हणजे भरती सुरू आहे. ‘ॲक्टिव्ह, नॉट रिक्रूटिंग’ याने मात्र अनेक जण फसतात: ट्रायल चालू आहे, पण नवा रुग्ण घेत नाहीत. यादीत नाव आहे म्हणून ट्रायलवर कुणी पसंतीची मोहोर उमटवली आहे, असंही समजू नये. आपल्या डॉक्टरांना दाखवताना एनसीटी या अक्षरांपुढचा आठ आकडी क्रमांक द्यावा. लांबलचक शीर्षकांच्या गोंधळापेक्षा ते बरं.

संमतीपत्रावर सही होते ती तपासण्यांच्या आधी, त्यामुळे सही केली म्हणजे प्रवेश मिळाला असं नाही. सही करूनही कधीही बाहेर पडता येतं. सहीआधी जास्तीच्या स्कॅनचा खर्च कोण करणार, इजा झाली तर जबाबदारी कुणाची आणि ट्रायल संपल्यावर औषध चालू राहणार का, हे स्पष्ट विचारून घ्यावं.

नाकारलं गेलं तर नेमकं कारण विचारावं, कारण काही अडचणी दूर करता येतात. सिऱ्होसिसमध्ये अन्ननलिकेतल्या शिरा फुगतात आणि बेव्हॅसिझुमॅबने रक्तस्रावाचा धोका वाढतो, म्हणून ‘आयएमब्रेव्ह 150’मध्ये आधी एन्डोस्कोपी सक्तीची होती. धोक्याच्या शिरांवर उपचार झालेला नसेल तर प्रवेश नव्हता. अशा शिरा एन्डोस्कोपीतूनच रबरी बँड लावून बंद करता येतात, आणि नियमांत बसत असेल तर त्याच रुग्णाची पात्रता पुन्हा तपासली जाते.