लहान संमिश्र ग्रंथसंग्रहाची तालिका व मांडणी

काही शे ते चार-पाच हजार पुस्तकांचा, एका विषयाशी बांधून न घेतलेला आणि बहुधा देणग्या, वारसा व जुन्या बाजारातली खरेदी अशा वाटांनी जमलेला संग्रह म्हणजे लहान संमिश्र ग्रंथसंग्रह. गावचे ‘क’ किंवा ‘ड’ वर्गाचे सार्वजनिक वाचनालय, शाळेतली दोन-चार कपाटे, ज्ञातिसंस्थेचे वा देवस्थानाचे वाचनालय, एखाद्या प्राध्यापकाच्या पश्चात घरी उरलेली पुस्तके हे सगळे यात येतात. अशा कपाटात ज्ञानेश्वरीशेजारी होमिओपॅथी, तिच्याशेजारी रशियन कादंबऱ्यांचे अनुवाद आणि खाली ट्रॅक्टरदुरुस्तीची पुस्तिका असते. महाराष्ट्रात १९६७च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्याखाली अनुदान घेणाऱ्या वाचनालयांना दप्तर विहित नमुन्यात ठेवावे लागते. खासगी संग्रहाला तसे बंधन नाही. अडचणी मात्र दोघांच्या सारख्याच.

मोठ्या ग्रंथालयाची नक्कल करायला जाणे हा यातला सर्वांत खर्चिक मोह आहे. दोन हजार पुस्तकांच्या विषयक्रमांकांत दशांशचिन्हापुढे सहा आकडे लावले तर लावणाऱ्याची हौस भागते, शोधणाऱ्याचा वेळ वाचत नाही. ‘वाचकाचा वेळ वाचवा’ हे तर शि. रा. रंगनाथन यांनी १९३१ साली मांडलेल्या ग्रंथालयशास्त्राच्या पाच सूत्रांपैकी चौथे. लहान संग्रहात विचारले जाते ते एवढेच, की अमुक पुस्तक आपल्याकडे आहे का आणि असले तर आत्ता कुठे आहे. पहिल्याचे उत्तर नावांच्या व लेखनाच्या एकवाक्यतेवर अवलंबून असते, दुसऱ्याचे दाखल अंकावर, म्हणजे पुस्तक आत येताच त्याला मिळणाऱ्या क्रमांकावर. विषयानुसार दिलेल्या वर्गांकाची पाळी त्यानंतर.

दाखल नोंदवही : पुस्तक आत आले की पहिली नोंद या वहीत. दाखल अंक, तारीख, लेखक, शीर्षक, आवृत्ती, प्रकाशक, प्रकाशनवर्ष, पृष्ठे, किंमत, बिल क्रमांक आणि शेरा असे रकाने असतात. एका प्रतीला एक अंक. त्याच पुस्तकाची दुसरी प्रत आली तरी तिला नवा अंक, आणि तीन खंडांच्या ग्रंथाला तीन अंक. देणगीच्या पुस्तकाला बिल नसते, तेव्हा छापील किंमत लिहून शेऱ्यात देणगीदाराचे नाव घालतात. हाच अंक शीर्षकपृष्ठाच्या मागे, शेवटच्या पानावर आणि प्रत्येक ग्रंथालयाने स्वतःसाठी ठरवलेल्या ‘गुप्त पानावर’ शिक्क्यासह लिहितात. पुढची-मागची पाने फाडून पुस्तक रद्दीवाल्याकडे पोचले तरी आतल्या पानावरून मालक ओळखता यावा, हा हेतू. गुप्त पानाचा आकडा लहान निवडावा हे बरे, नाहीतर बत्तीस पानी पुस्तिकेला ते पानच सापडत नाही. जुन्या मालकाची सही, बंद पडलेल्या वाचनालयाचा शिक्का, भेट देणाऱ्याने लिहिलेला मजकूर खोडू नये. त्याची नोंद शेऱ्यात घ्यावी. पुस्तके कुठून कशी जमली हे कळण्याचे साधन पुष्कळदा तेवढेच असते.

वर्गीकरण : मेल्विल ड्यूई यांची १८७६ साली प्रथम छापलेली दशांश पद्धत भारतीय ग्रंथालयांत सर्वांत रुळलेली आहे. तिच्यात ज्ञानाचे दहा मुख्य वर्ग आहेत आणि मराठी साहित्य ८९१.४६ मध्ये येते : ८९१.४६१ काव्य, ८९१.४६२ नाटक, ८९१.४६३ कथा-कादंबरी, ८९१.४६४ निबंध. इथेच पहिली गाठ बसते. मराठी वाचनालयात कथा-कादंबऱ्यांचा भरणा मोठा. म्हणजे एका ८९१.४६३ या आकड्याखाली सात-आठशे पुस्तके येतात आणि तो आकडा काहीच वेगळे करून दाखवत नाही. धर्माच्या वर्गात उलटा प्रकार. २२० ते २८० हा मोकळा पट्टा बायबल व ख्रिस्ती धर्माला दिलेला, तर बौद्ध (२९४.३), जैन (२९४.४) आणि हिंदू (२९४.५) धर्मांची दाटी २९४च्या पोटात. मराठी घरातल्या पुस्तकांचे वजन नेमके या दाटीत पडते.

संतसाहित्याचा प्रश्न आणखी निराळा. तुकारामांची गाथा २९४.५ मध्ये ठेवायची की ८९१.४६१ मध्ये? दोन्हींना आधार आहे. वाचनालयात येणारी मंडळी पारायणासाठी पुस्तक नेत असतील तर धर्मात, महाविद्यालयातली मुले अभ्यासासाठी नेत असतील तर काव्यात. वाईट ते एवढेच की आधीच्या ग्रंथपालाने गाथा धर्मात, नंतरच्याने सार्थ गाथा काव्यात आणि तिसऱ्याने तुकारामांचे चरित्र तिसरीकडे ठेवावे. म्हणून निर्णय कुठलाही घ्या, पण तो तारखेसह एका वहीत लिहा. ही निर्णयवही फारच थोडी वाचनालये ठेवतात आणि ग्रंथपाल बदलला की त्याची किंमत मोजतात.

रंगनाथन यांचे द्विबिंदू वर्गीकरण (१९३३) भारतीय विषयांना जास्त जागा देते. त्यात साहित्यासाठी ‘ओ’ हे रोमन अक्षर आणि मराठीसाठी १५५ हा अंक आहे. लहान संग्रहाला ती चिन्हे झेपत नाहीत. विषय, स्थळ, काळ असे पैलू सुटे करून पाहण्याची त्यामागची दृष्टी मात्र घेण्याजोगी आहे. संगणकावरच्या यादीत ‘विषय’, ‘प्रदेश’ आणि ‘काळ’ असे तीन रकाने ठेवले की कोकणातल्या मंदिरांवरचे पुस्तक इतिहासात घालू की स्थापत्यात हा वाद फार तापत नाही. बडोद्यात सयाजीराव गायकवाडांनी १९१० साली बोलावलेल्या अमेरिकन ग्रंथपाल विल्यम बोर्डन यांनी अमेरिकेतलेच ग्रंथपाल चार्ल्स कटर व ड्यूई यांच्या पद्धतींची सांगड घालून संस्थानापुरती वेगळी पद्धत बसवली होती. स्थानिक गरजेसाठी पद्धत वाकवण्याचा पायंडा असा जुना आहे.

मराठी वाचनालयांतली रूढ वाट सोपी आहे. कादंबरीला ‘का’, नाटकाला ‘ना’, चरित्राला ‘च’, प्रवासवर्णनाला ‘प्र’ अशी खूण आणि पुढे येईल तसा चढता क्रमांक : का/४१२. वाचक छापील यादी पाहून चिठ्ठीवर पाच-सहा क्रमांक लिहून देतो आणि कर्मचारी कपाटातून पुस्तक काढून आणतो. कुलूपबंद कपाटे असतील तोवर हे उत्तम चालते. कपाटे उघडली, मुक्तद्वार पद्धत आली, की या क्रमांकांचा दोष दिसतो : क्रमांक आगमनाच्या क्रमाने पडल्यामुळे एकाच लेखकाची पुस्तके सहा कपाटांत विखुरलेली असतात. उपाय म्हणजे खुणेपुढे क्रमांकाऐवजी लेखकाचे आडनाव. इथे इंग्रजी पद्धतीने आडनावाची पहिली तीन अक्षरे घेऊन भागत नाही. ‘देशपां’पर्यंत गेले तरी पु. ल., कुसुमावती, गौरी आणि सुनीता हे सगळे देशपांडे एकाच खुणेत कोंबले जातात; कुलकर्णी आणि जोशी यांचीही तीच गत. त्यापेक्षा आडनावाचे पहिले अक्षर आणि नावाचे पहिले अक्षर, ‘दे-पु’, ‘दे-कु’, ‘दे-गौ’, ‘दे-सु’, अशी जोडी पुस्तकाच्या कण्यावरच्या छोट्या चिठ्ठीत मावते आणि कपाटासमोर उभे राहून वाचताही येते.

नावे : तालिका, म्हणजे ग्रंथांची शोधयादी, करणाऱ्याचा सर्वांत जास्त वेळ खातात ती नावे. आधुनिक लेखक आडनावाखाली, संतकवी मूळ नावाखाली (ज्ञानेश्वर, एकनाथ, तुकाराम) हा नियम सर्वमान्य आहे. टोपणनावांचे तसे नाही. केशवसुत हे कृष्णाजी केशव दामले किंवा ग्रेस हे माणिक गोडघाटे, हे ठाऊक असले तरी वाचक ‘दामले’ किंवा ‘गोडघाटे’ म्हणून विचारणार नाही. टोपणनाव हीच मुख्य नोंद, खऱ्या नावाखाली ‘पाहा’ असा निर्देश. पण कविता ‘कुसुमाग्रज’ या नावाने आणि नाटके ‘वि. वा. शिरवाडकर’ या नावाने छापणाऱ्या लेखकाचे काय? लहान संग्रहात शीर्षकपृष्ठावर जे नाव असेल तेच ठेवावे आणि दोन्हींकडे ‘हेही पाहा’ असा निर्देश द्यावा. मालतीबाई बेडेकर आणि विभावरी शिरूरकर ही एकाच लेखिकेची दोन नावे, तिथेही हेच. लेखिकांची लग्नाआधीची व नंतरची नावे, ‘य. गो.’ की ‘यशवंत गोपाळ’ असे आद्याक्षरांचे घोळ यांसाठी एक साधी नावांची यादी करून तिच्यात प्रमाण रूप पक्के करतात. नवी नोंद करण्याआधी ती यादी पाहायची.

लेखन, वर्ष आणि अक्षरक्रम : मराठी साहित्य महामंडळाच्या १९६२च्या नियमांनी अनुच्चारित अनुस्वार गेले. त्यामुळे एकाच पुस्तकाच्या १९५०च्या प्रतीवर ‘कांहीं’ आणि १९८०च्या प्रतीवर ‘काही’ असे शीर्षक असू शकते. नोंदीत शीर्षक छापले आहे तसेच उतरवावे आणि शोधासाठी वेगळ्या रकान्यात आजचे लेखन द्यावे. हा एक रकाना वाढवल्याने जेवढे शोध यशस्वी होतात तेवढे कुठल्याही महागड्या प्रणालीने होत नाहीत.

जुन्या पुस्तकावर इसवी सन नसून शक असतो. शकात ७८ मिळवले की सन येतो; मात्र शकाचे वर्ष चैत्रात बदलते, म्हणून जानेवारीपासून फाल्गुनअखेरपर्यंत ७९ मिळवावे लागतात. महिना दिलेला नसेल तर शके १८४५ म्हणजे ‘१९२३-२४’ असे लिहिणेच प्रामाणिक. शीर्षकपृष्ठच गळून पडले असेल तर शंकर गणेश दाते यांची मराठी ग्रंथसूची उघडावी. तिच्या पहिल्या भागात १८०० ते १९३७ पर्यंतचे मराठी ग्रंथ नोंदवलेले आहेत आणि प्रकाशक, वर्ष, पृष्ठसंख्या यांवरून अनाथ पुस्तकाची ओळख बऱ्याचदा पटते.

संगणकाने अक्षरक्रमाची एक वेगळीच भानगड आणली. मराठी वर्णमालेत ळ हा ह नंतर येतो. युनिकोड या संगणकावरच्या अक्षरांच्या प्रमाण संकेतावलीत तो ल आणि व यांच्या मध्ये आहे. परिणामी परंपरेने ‘काव्य’ आधी आणि ‘काळ’ नंतर, तर नुसत्या संकेतांच्या क्रमाने लावलेल्या यादीत ‘काळ’ आधी. क्ष आणि ज्ञ ही जोडाक्षरे असल्याने तीही क आणि ज यांच्या पोटात शिरतात. ‘किनाऱ्यावर’ मधला ऱ्य दोन वेगळ्या तऱ्हांनी टंकता येतो. पडद्यावर दोन्ही एकसारखे दिसतात, शोधात मात्र एक दुसऱ्याला सापडत नाही. टंकनाची एकच तऱ्हा ठरवून सगळ्यांनी पाळावी, दुसरा इलाज नाही. युनिकोडपूर्व काळात शिवाजी किंवा श्रीलिपीसारख्या फॉन्टांत केलेल्या याद्या आज उघडल्या की रोमन अक्षरांचा चिवडा दिसतो. रूपांतर करता येते, पण जोडाक्षरे डोळ्यांनी तपासावी लागतात.

आयएसबीएन (पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय प्रमाण क्रमांक) स्कॅन करून माहिती आपोआप भरण्याची सोय इंग्रजी पुस्तकांना लाभते. हा क्रमांक आंतरराष्ट्रीय प्रमाण झाला १९७० साली आणि तेरा अंकी झाला २००७ मध्ये. १९७०आधीच्या मराठी पुस्तकांवर तो नाहीच, आणि नव्या पुस्तकांची माहिती मिळाली तरी बऱ्याचदा रोमन लिपीत मिळते. न्यूझीलंडमध्ये घडलेली ‘कोहा’ ही मुक्त ग्रंथालय-प्रणाली आणि राष्ट्रीय सूचना-विज्ञान केंद्राची ‘ई-ग्रंथालय’ या दोन्ही देवनागरी नोंदी घेतात. देवघेव मोठी नसेल तर तीन हजार पुस्तकांपर्यंत साधी तक्ता-फाइल पुरते, अट एवढीच की एका प्रतीला एक ओळ हवी आणि दाखल अंक वहीतलाच हवा.

पुस्तके नसलेली पुस्तके : दिवाळी अंक धड नियतकालिक नाहीत, धड ग्रंथ नाहीत. ‘मनोरंजन’च्या १९०९च्या अंकापासून चालत आलेल्या या परंपरेतले गठ्ठे प्रत्येक मराठी संग्रहात असतात. ते नियतकालिकांत टाकले तर हरवतात, ग्रंथांत घेतले तर कपाट अडवतात. वर्षानुसार पेटीत ठेवून, निवडक अंकांची अनुक्रमणिका लेखकवार उतरवून घेणे हा मधला मार्ग. सगळ्या अंकांची अशी नोंद करायला निघालेले बहुतेक जण दोन-तीन वर्षांच्या अंकांतच थकतात. संमेलनांच्या स्मरणिका, गौरवग्रंथ, कुलवृत्तांत, पतपेढीचे सुवर्णमहोत्सवी अंक यांना दुकानात किंमत नसते, म्हणून ते आधी रद्दीत जातात. स्थानिक इतिहासाला तर हेच लागते. लहान वाचनालयाकडे एखादी गोष्ट इतरत्र कुठेच नसलेली असेल, तर ती बहुधा या ढिगात असते. तेव्हा नोंदीला सुरुवात इथून करावी. पोथ्यांना शीर्षकपृष्ठ नसते. त्यांची ओळख शेवटच्या पुष्पिकेतून, म्हणजे समाप्तीच्या मजकुरातून, पटते, आणि पाने सुटी असल्याने पत्रसंख्या मोजून लिहिणे अत्यावश्यक.

मांडणी : गोव्यातल्या एखाद्या घरात मराठी, देवनागरी कोंकणी, रोमी कोंकणी आणि पोर्तुगीज पुस्तके एकत्र नांदतात. तिथे लिपीने नव्हे, भाषेने विभाग पाडावेत, नाहीतर कोंकणी दोन ठिकाणी तुटते. आकारमानाने मांडणी करण्याला ग्रंथपाल नाक मुरडतात, पण इंग्लंडमधील सतराव्या शतकातले रोजनिशीकार सॅम्युअल पेपिस यांनी आपले सुमारे तीन हजार ग्रंथ उंचीच्याच क्रमाने लावले होते आणि केंब्रिजच्या मॉडलिन महाविद्यालयात ते अजून तसेच आहेत. तालिका चोख असेल तर तेही चालते. कलाविषयक मोठ्या पुस्तकांना वेगळा खण आणि मूळ जागी त्याचा निर्देश, एवढी सवलत प्रत्येक संग्रहाला घ्यावी लागते.

वर्षातून एकदा पडताळणी होते. एक जण कपाटापुढे अंक वाचतो, दुसरा वहीत खूण करतो. न सापडलेले पुस्तक लगेच बाद करत नाहीत. लागोपाठच्या पडताळण्यांत ते आढळले नाही तर कार्यकारी मंडळाच्या ठरावाने निर्लेखित करतात. त्याचा दाखल अंक दुसऱ्या पुस्तकाला दिला जात नाही. त्या ओळीच्या शेऱ्यात ठरावाचा क्रमांक आणि तारीख येते.