मिक्सरचा वाद आणि इंटरसेप्ट पॉइंटचा घोळ

रेडिओ रिसीव्हरमध्ये अँटेनाचा सिग्नल आतल्या ऑसिलेटरच्या लहरीशी मिसळून आयएफ या ठरलेल्या मधल्या फ्रीक्वेन्सीवर आणतो, तो मिक्सर. व्हॉल्व्हच्या जमान्यात एकच पेंटाग्रिड (पाच जाळ्यांचा व्हॉल्व्ह) ऑसिलेटर आणि मिक्सर अशी दोन्ही कामं उरकायचा. मग ड्युअल-गेट मॉसफेट हे ट्रान्झिस्टर आले. घरी रिसीव्हर बांधणाऱ्यांचा आजचा वाद, चिप बरी की डायोडची रिंग, हा मात्र ऐंशीच्या दशकातल्या आठ पायांच्या एनई602 चिपपासूनचा. ऑसिलेटर आतच, सुमारे 18 डीबी (डेसिबल) गेन म्हणजे सिग्नलची वाढ, खर्च अडीच मिलिअँपिअरचा. कुणालाही मोह पडावा. समोर चार डायोडची रिंग: गेन नाहीच, उलट 6 डीबी गिळते, ऑसिलेटरकडून 7 डीबीएम (एक मिलिवॅटच्या वर इतके डीबी) मागते आणि आयएफच्या बाजूला 50 ओहम नीट मिळाले नाहीत तर बिघडते.

तरी गोव्यात रिंगच बरी, असं मला वाटतं. दोन माडांमध्ये डायपोल ही तारेची अँटेना ताणून रात्री 40 मीटर (7 मेगाहर्ट्झचा हौशी बँड) ऐकावं, तर 7200 किलोहर्ट्झच्या वर प्रसारण केंद्रांची रांग. मार्च 2009पर्यंत ती 7100पासूनच सुरू व्हायची. शिवाय पणजीचा 250 किलोवॅटचा शॉर्टवेव्ह ट्रान्समीटरही उशाशी असायचा. समजा, 7210 आणि 7240वर दोन दणकट केंद्रं आहेत. मिक्सर कमजोर असेल तर 7180वर, जिथे कुणीच नाही, तिथे दोघांची खिचडी, एक भूतच, ऐकू येते (7210ची दुप्पट वजा 7240).

हे मोजतात तिसऱ्या क्रमाच्या इंटरसेप्ट पॉइंटने, म्हणजे ज्या काल्पनिक पातळीला भूत खऱ्या सिग्नलइतकं मोठं होईल तिने; आकडा जितका मोठा तितका मिक्सर दणकट. आणि घोळ इथेच आहे. आकडा इनपुटचा की आउटपुटचा, हे बरेच जण लिहीतच नाहीत. चिपचा इनपुटचा आकडा उणे 15 डीबीएम. त्यात गेन मिळवला की आउटपुटला अधिक 3. रिंगचा इनपुटला अधिक 14च्या आसपास. 6 वजा केले की 8. म्हणजे आउटपुटचे आकडे शेजारी ठेवले तर फरक 5 डीबीचा, इनपुटचे ठेवले तर 29चा! अँटेना इनपुटला लागते, तेव्हा खरा हिशेब इनपुटचाच. चिपच्या संवेदनशीलतेचं कौतुकही 40 मीटरवर फुकट जातं, कारण बँडचा खरखराट तिच्या कितीतरी वर असतो.

चिपवालेही गप्प नाहीत: अँटेनामागे 10 डीबीचा अ‍ॅटेन्युएटर (सिग्नल मुद्दाम कमी करणारा) लावा, म्हणतात. खरं आहे. हवा तो सिग्नल 10ने उतरतो, भूत 30ने.

भूतही 10नेच उतरलं, तर मिक्सरला बोल लावू नये. खाऱ्या वाऱ्याने गंजलेला पत्र्याचा सांधासुद्धा डायोडच असतो; आधी छपरावर चढून तो शोधावा.