उकंड्यात पन्नी कुठून आली

मागच्या उन्हाळ्यात उकंड्याचं खत वावरात टाकलं, चार ट्रॉल्या, आणि पहिल्या पाण्यानंतर वखर धरला तर दर दहा-पंधरा पावलांवर थांबावं लागायचं, कारण पासेला, म्हणजे वखराच्या पात्याला, पन्नी गुंडाळायची. दुधाची, कुरकुऱ्याची, खर्ऱ्याची, एक तर चक्क साडीच्या दुकानाची, नाव वाचता येत होतं अजून. बाबा बोलले नाहीत काही, नुसते वाकायचे, ओढून काढायचे, धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, ठेवायचे. संध्याकाळी धुऱ्यावर अर्धं पोतं झालं. तेव्हापासून डोक्यात होतं की हे लिहायचं, की आपल्या घरातल्या कचऱ्याची गोष्ट मुळात सुरू कुठून झाली. ज्यांना उकंडा माहीत नाही त्यांच्यासाठी, उकंडा म्हणजे उकिरडा. आणि पन्नी म्हणजे आमच्याकडे पातळ प्लास्टिकची कोणतीही पिशवी किंवा वेष्टन, कॅरीबॅग असो की बिस्किटाचा कागद.

आजीच्या वेळी घरात "कचरा" असा वेगळा काढून ठेवायचा प्रकारच नव्हता, हे ती असताना मी तिला खोदून खोदून विचारलं होतं. शेण, गोठ्यातला काडीकचरा, भाजीची देठं उकंड्यात. उष्टं-खरकटं गाईच्या टोपल्यात. चुलीची राख भांडे घासायला आणि उरलेली पुन्हा उकंड्यात. लुगडं फाटलं की त्याची गोधडी, गोधडी फाटली की पोतेरं, पोतेरं कुजलं की तेही उकंड्यात. तेल आणायला घाणीवर बुधली न्यायची, किराणा थैलीत, मीठ-हळद कागदाच्या पुडीत, आणि त्या पुडीचा दोरासुद्धा गुंडाळून कोनाड्यात ठेवायची. हे काही पर्यावरणासाठी वगैरे नव्हतं, वस्तूच कमी होत्या आणि पैसा त्याहून कमी. तो काळ फार सुखाचा होता असं मला म्हणायचं नाही. फक्त एवढंच की घरातून निघालेली प्रत्येक गोष्ट वर्षभरात माती व्हायची, आणि म्हणून परसात ढीग लावून ठेवणं ही सवय तेव्हा एकदम बरोबर होती.

गाडगेबाबा आपल्या विदर्भातलेच, अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचे, १८७६ चा जन्म. गावात आले की आधी खराटा घ्यायचे, रस्ते झाडायचे, नाल्या उपसायचे आणि मग रात्री कीर्तन. डोक्यावर गाडगं, जेवायलाही तेच गाडगं, म्हणजे माणसाला भांडी किती लागतात याचा हिशोबच त्यांनी संपवून टाकला होता. पण ते १९५६ मध्ये गेले, तोपर्यंत त्यांच्या खराट्याखाली जे यायचं ते शेण, पाला, माती, घाण. झाडून एका जागी लोटलं की निसर्ग पुढचं काम करायचा. इकडे वर्ध्यातही तेच, गांधीजी १९३६ मध्ये सेवाग्रामला राहायला आले, ग्रामोद्योग संघ त्याआधी १९३४ पासून वर्ध्यात होता, घाणीचं तेल, हातकागद, कंपोस्ट खत असली कामं चालायची. विदर्भाला स्वच्छता शिकवायला बाहेरून कोणी यायची गरज नव्हती खरं तर. पण शिकवलेली सगळी स्वच्छता कुजणाऱ्या कचऱ्याची होती, आणि पुढे आलं ते न कुजणारं.

ज्याची पन्नी बनते ते पॉलिथिन सापडलं १९३३ मध्ये इंग्लंडात, तेही प्रयोग फसला म्हणून. आता जी बनियनच्या आकाराची कॅरीबॅग आपण बोटात अडकवून आणतो ती स्वीडनमधल्या सेलोप्लास्ट कंपनीच्या स्टेन गुस्ताफ थुलिन या माणसानं काढली, १९६५ मध्ये तिचं पेटंट झालं. आपल्याकडे खेड्यात पोचायला तिला अजून वीसेक वर्षं लागली. बाबा सांगतात की त्यांच्या शाळेच्या दिवसात कोणी नागपूरहून कपडे घेऊन आलं की ती पन्नी धुऊन, घडी करून गादीखाली ठेवत आणि लग्नाला जाताना तिच्यात धोतर नेत. पन्नी तेव्हा मानाची होती!

पण खरा बदल कॅरीबॅगनं नाही केला असं माझं मत आहे, तो केला पुडीनं. शाम्पूची पुडी तामिळनाडूतून निघाली. तिथले चिन्नी कृष्णन म्हणून होते, त्यांची ही छोट्या पुडीची कल्पना, आणि त्यांचे चिरंजीव सी. के. रंगनाथन यांनी १९८३ मध्ये चिक शाम्पू काढला तो पुडीतच. डोकं चालवलं होतं त्यांनी. रोजीनं निंदायला, म्हणजे तण काढायला, जाणारी बाई शाम्पूची बाटली घेऊ शकत नाही पण हातात पैसे आले त्या दिवशी एक पुडी घेऊ शकते. मग तेच चहापत्तीचं झालं, निरम्याचं, खोबऱ्याच्या तेलाचं, मसाल्याचं. आमच्या गावच्या दुकानात आजही दाराला पुड्यांच्या माळा लटकलेल्या असतात, पोळ्याला बैलाच्या गळ्यात घालतो तशा. म्हणून कोणी शहरातून येऊन म्हणतं ना की "मोठा पॅक घ्या, कचरा कमी होतो", तेव्हा मला हसू येतं. अहो, हप्त्याला मजुरी मिळते, मोठा पॅक कशाने घेणार.

खर्ऱ्याचं तर काय सांगायचं, इकडचा माणूस वाचत असेल तर त्याला कळेलच. सुपारी, तंबाखू, चुना पन्नीच्या तुकड्यात घ्यायचा आणि तिच्यातच घोटायचा, तिच्यातच बांधून द्यायचा. गुटख्याच्या प्लास्टिक पुडीवर सुप्रीम कोर्टानं मार्च २०११ पासून बंदी आणली, मग राज्यानं २०१२ मध्ये गुटखाच बंद केला, पण पानठेल्यामागची नाली बघितली की कळतं, पन्नी काही कुठे गेली नाही.

आता एक गोष्ट जी मला हे लिहिता लिहिता समजली. एक वस्तू बदलली की तिच्या मागून चार बदलतात. गॅस आला, २०१६ च्या उज्ज्वला योजनेनंतर तर घरोघरी आला, चांगलंच झालं, मायच्या डोळ्यांचं पाणी थांबलं. पण चूल कमी झाली तशी राख कमी झाली, राख नाही म्हणून भांड्याची वडी आली, ती पन्नीत, घासणी आली, ती प्लास्टिकची. गॅसवाल्यांचं रेशनचं रॉकेल बंद झालं. चूल मात्र पूर्ण गेली नाही, अंघोळीचं पाणी आणि रोडगे-बट्ट्या अजून बाहेरच होतात, मग ओल्या तुऱ्हाट्या, म्हणजे तुरीच्या काड्या, पेटवायला रॉकेल नाही तर काय, दुधाची पन्नी. भडकन पेटते. आमच्या इथे सकाळी सहाला गल्लीतून फिरलं तर घराघरातून तो वास येतो. मी एकदा मायला म्हटलं, हा धूर विषारी असते, नको पेटवत जाऊ. तर म्हणे, "मंग काय तुह्या डोक्यानं पेटवू का? कापूर आणून देतं का रोज?" प्रश्न बरोबर होता तिचा. आता नारळाच्या शेंड्या आणि वाळलेली पऱ्हाटी, म्हणजे कपाशीच्या काड्या, वेगळी ठेवतो आम्ही पावसाळ्याआधी, शिस्तीत, आणि तरी कधीमधी पन्नी जातेच चुलीत.

आणि ट्रॅक्टर. ट्रॅक्टर आले तशी गुरं कमी झाली, आमच्याकडे चार बैल, तीन गाई होत्या, आता एक गाय. म्हणजे उकंड्यात शेण कमी आणि वरून घरझाडणीत आलेल्या पन्न्या जास्त. आधी ढीग शेणाचा होता आणि त्यात चुकून काही पडलेलं, आता उलटं होत चाललंय. गाय मोकळी सुटली की तिथेच तोंड घालते, पन्नीत शिळी भाजी बांधून फेकली असेल तर ती पन्नीसकट खाते, पोटात गोळा होतो, जनावर फुगतं, आणि पुढचं सगळ्यांनी बघितलंय.

कायद्याचं सांगायचं तर तो सगळा शहराच्या नालीतून आलेला आहे. २६ जुलै २००५ ला मुंबईत एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, नाले तुंबले, त्यात प्लास्टिकच्या पिशव्यांचा मोठा हात होता असं पुढे आलं, आणि २००६ मध्ये महाराष्ट्रानं ५० मायक्रॉनपेक्षा पातळ पिशवीवर बंदी घातली. देशात तेव्हा मर्यादा २० मायक्रॉनची होती, १९९९ च्या नियमातली. ती २०११ मध्ये ४० झाली, २०१६ मध्ये ५०, सप्टेंबर २०२१ मध्ये ७५ आणि ३१ डिसेंबर २०२२ पासून १२०. हे मायक्रॉन म्हणजे जाडी, ५० मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा विसावा भाग. मला आधी वाटायचं की जाड पन्नी म्हणजे जास्त प्लास्टिक, मग हे उलटं का करतात. पण त्यात हिशोब आहे. पातळ पन्नीला वजन नसतं, किलोभर जमवायला कबाड्याचा, म्हणजे भंगारवाल्याचा, दिवस जाईल, म्हणून ती कोणी उचलत नाही. जाड असली की उचलायला परवडते, आणि महाग पडते म्हणून दुकानदार फुकट देत नाही. कागदावर एकदम बरोबर. गावच्या बाजारात मायक्रॉन कोण मोजतं हा वेगळा विषय.

यात आपल्या कामाची खरी तारीख २०१६ ची. तोपर्यंत प्लास्टिकचे केंद्राचे नियम नगरपालिका-महानगरपालिकांच्या हद्दीपुरते होते, २०१६ च्या नियमात पहिल्यांदा ग्रामपंचायतीवर जबाबदारी आली. म्हणजे पुड्यांच्या माळा दाराला लागल्यापासून तीसेक वर्षं खेड्यातल्या पन्नीचा वालीच कोणी नव्हता. २०००-०१ मध्ये आर. आर. पाटील ग्रामविकास मंत्री असताना गाडगेबाबांच्या नावानं ग्रामस्वच्छता अभियान सुरू झालं ते मोठंच काम होतं, मी लहान होतो, आमच्या शाळेनं प्रभातफेऱ्या काढल्या, भिंती रंगल्या. पण आमच्या गावात तरी तेव्हा भर होता संडास, नाल्या आणि शोषखड्ड्यांवर. पन्नी आम्ही झाडून गावाबाहेर पांदणीत टाकली आणि गाव स्वच्छ झालं म्हणून टाळ्या वाजवल्या.

मग २३ मार्च २०१८ ची राज्याची मोठी बंदी, पन्नी, थर्माकोलचं ताट, प्लास्टिकचा चमचा सगळंच. पहिल्यांदा सापडला तर पाच हजार, दुसऱ्यांदा दहा, तिसऱ्यांदा पंचवीस हजार आणि तीन महिने कैद. त्या उन्हाळ्यात आमच्या आठवडी बाजारात खरंच पन्नी दिसेना, भाजीवाली थैली नसेल तर पदरात घ्या म्हणायची, घरोघरी जुन्या पँटच्या थैल्या शिवल्या. दिवाळीपर्यंत सगळं जसंच्या तसं. १ जुलै २०२२ ला केंद्राची एकदाच वापरायच्या वस्तूंवर बंदी आली तेव्हा तर कोणी फार मनावरही घेतलं नाही. आणि गंमत बघा, या सगळ्यात शाम्पूची पुडी, कुरकुऱ्याचं पाकीट चालूच राहिलं. कबाडी दर पंधरा दिवसांनी येतो आमच्याकडे, लोखंड, बाटल्या, तुटलेल्या खुर्च्या, दुधाच्या पन्न्यासुद्धा धुतलेल्या असल्या तर घेतो. पाकिटं पुढे केली तर म्हणतो, "भाऊ, हे नाही चालत." कारण त्यात प्लास्टिक आणि चमकी एकावर एक चिकटवलेली असते, वेगळी करून वितळवणं परवडत नाही. स्वच्छ भारतच्या दुसऱ्या टप्प्यात तालुक्याला एक प्लास्टिक प्रक्रिया केंद्र धरलं आहे, आमच्या पंचायतीनं शेड बांधलं आणि घंटागाडीही आणली, ड्रायव्हर असला की येते.

घरातलं विचाराल तर स्वयंपाकघरात दोन खिळे ठोकलेत, एकावर दुधाच्या धुतलेल्या पन्न्या, एकावर न विकणारी पाकिटं. उकंड्यात पन्नी टाकायची नाही एवढा एकच नियम, आणि तो बाबांनी लावला, वखरानंतर.

यंदा चुलतबहिणीच्या लग्नात ठरवून पळसाच्या पत्रावळी घेतल्या. आधी लग्नघरी आठ दिवस बाया बसून पानाला पान जोडून काडी टोचत, आता मशीनवर दाबलेल्या येतात, शेकड्यानं. सगळ्यांना बरं वाटलं, मोठ्या काकांनी तर भाषणच दिलं जुन्या पद्धतीवर. दुसऱ्या दिवशी गाईसमोर टाकल्या तर गाईनं हुंगून तोंड फिरवलं. मायनं एक उचलून फाडून पाहिली. वरून पळस, खालून पुठ्ठा, आणि मधात पन्नी. मग आम्ही चौघं दुपारभर उकंड्याजवळ बसून पाचशे पत्रावळींची पानं सोलत होतो.